बेचिराख, वोस, वायोमिंग

गोदामाला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य हमखास येतं: ‘आगीत लाखोंचा माल जळून बेचिराख झाला.’ वाचणाऱ्याला काही खटकत नाही. राख झाली, म्हणून बेचिराख. पुढचं ‘बेची’ कुठून आलं, असं कुणी विचारत नाही. जोर द्यायला शब्दाला काहीतरी लागतं, तसं लागलं असेल, म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात या शब्दात राख नाहीच. तो ‘बे’ आणि ‘चिराग’ असा फोडायचा. ‘बे’ हा फारसी नकार, बेघर, बेकार, बेनामीमधला. चिराग म्हणजे दिवा. दिवेलागणीला ज्या गावात एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. मराठीच्या तोंडी ‘ग’चा ‘ख’ झाला आणि शब्दाच्या शेवटी आयतीच राख तयार झाली. मग अर्थही तिकडे सरकला.

शब्द महसुली दप्तरातला. जुन्या कागदांत मौजे अमुक बेचिराख झाला असं येतं, तेव्हा लिहिणाऱ्या कारकुनाला आगीचं काही सांगायचं नसतं. त्याला वसुलाची पंचाईत सांगायची असते. दुष्काळ पडला, पटकी आली, फौज येतेय अशी आवई उठली. रयत परागंदा झाली. (हा परागंदाही फारसीच, विखुरलेला.) आता सारा मागायचा कुणाकडे? घरं उभी असतील, विहिरीला पाणी असेल, झाडाला चिंचाही लगडल्या असतील. पण दिवा लावायला माणूस नाही, म्हणजे सरकारच्या लेखी गाव नाही. त्या काळच्या फौजा जाळपोळ करतच होत्या, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच गावावर एकदम येत असत. चिराखमधली राख लोकांना तिथेच कुठेतरी ऐकू आली असणार.

असाच दुसरा शब्द वैराण. मूळ फारसी ‘वीरान’, म्हणजे उजाड. मराठीने त्यात वैर ऐकलं, वेलांटीच्या जागी दोन मात्रा दिल्या, ‘न’चा ‘ण’ केला आणि शब्द इतका घरचा करून टाकला की वैराण वाळवंट म्हणताना कुणालाही परका वाटत नाही. शुद्धलेखनवाल्यांनी या दोन शब्दांच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. भाषेने ऐकलेलं चुकीचं असलं तरी ते तिने स्वतःच्या कानाने ऐकलेलं आहे. फक्त बेचिराखच्या बाबतीत मला थोडी चुटपुट लागते. राख झालेलं गाव पुन्हा पायापासून उभारावं लागतं. दिवा विझलेल्या गावात कुणी परत येऊन वात पेटवली की पुरतं. जुन्या अर्थात परत येण्याची ही सोय होती, नव्या अर्थाने ती बंद केली.

तळवड्यात बसून हे लिहिताना मूळ अर्थ डोळ्यांसमोर आणायला जरा कष्टच पडतात. इथे दिवा विझायची वेळ येत नाही. ज्योतिबानगरच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. सॉफ्टवेअर पार्कमधले काही मजले अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. निगडीकडून येऊन चाकणला जाणारे कंटेनर आणि देहू-आळंदी रस्त्याची वाहतूक तळवडे चौकात एकमेकांना भिडते, तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेत की सकाळचे, हे हॉर्नवरून ओळखता येत नाही. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. 2011 च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर होती, क्षेत्रफळ 181 चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये साडेनऊ हजार माणसं, आणि ती सुद्धा चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची मोजणी.

आता याच्या अगदी उलट टोक, वायोमिंग. हे नाव माझ्या डोक्यात शिरलं ते बिलांवरून. सॉफ्टवेअर पार्कमधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम पाहणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, “अहो, हे शेरिडन, वायोमिंग म्हणजे फार मोठं शहर आहे का हो? वेगवेगळ्या कंपन्यांची बिलं येतात, पत्ता मात्र तिथलाच.” शेरिडन वीस हजारांच्याही आतलं गाव आहे. आणि वायोमिंग हे अख्खं राज्य, अमेरिकेच्या पन्नास राज्यांतलं सगळ्यात कमी वस्तीचं. 2020 च्या जनगणनेत तिथे 5 लाख 76 हजार 851 माणसं भरली. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 53 हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्र 3 लाख 7 हजारांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपैकी चार भागांहून मोठा मुलूख आणि माणसं पिंपरी-चिंचवडच्या एक तृतीयांश. चौरस किलोमीटरला दोन-सव्वादोन. महाराष्ट्रातला सगळ्यात विरळ जिल्हा गडचिरोली. तिथे 2011 साली हाच आकडा 74 होता. वायोमिंगशेजारी गडचिरोलीही गजबजलेला वाटावा. राज्याची राजधानी शायान, लोकसंख्या 65 हजार. साऱ्या राज्याला टेलिफोनचा एरिया कोड एकच, 307. सबंध राज्यात सरकते जिने म्हणे दोनच ठिकाणी आहेत, आणि तेही कॅस्पर नावाच्या एकाच गावातल्या बँकांत.

मग एवढ्या कंपन्या तिथे कशा? 1977 साली लिमिटेड लायबिलिटी कंपनी या प्रकाराचा कायदा अमेरिकेत सगळ्यांत आधी केला तो वायोमिंगने. राज्याचा आयकर नाही, मालकाचं नाव जाहीर नोंदीत द्यावं लागत नाही, नोंदणी स्वस्त. मालक राहतो भलतीकडे, माणसं काम करतात तळवड्यात, आणि कंपनीचा पत्ता शेरिडनमधल्या एखाद्या खोलीचा. आपल्या दप्तरातलं बेचिराख गाव आणि ही बेनामी कंपनी, दोन्हींत ‘बे’ तोच. पण उलटा मामला. गावाला नाव, शीव, क्षेत्र सगळं होतं, दिवा लावायला माणूस नव्हता. इथे दिवे लावण्याजोगं घरच नाही, नावं मात्र हजारोंनी आहेत.

वायोमिंग या नावाची कथाही अशीच, माणसं एकीकडे आणि नाव दुसरीकडे. शब्द डेलावेअर म्हणजे लेनापे लोकांच्या भाषेतला. अर्थ साधारण ‘मोठ्या नदीकाठच्या सपाटीवर’. आपल्याकडे नदीच्या गाळाने झालेल्या सपाट जमिनीला मळई म्हणतात, तो अर्थ या नावाच्या बराच जवळ जातो. मात्र लेनापे लोक आजच्या वायोमिंगच्या आसपासही नव्हते. ते राहायचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे. पेन्सिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीकाठी एक खोरं आहे, त्याचं हे नाव. 1778 च्या जुलैत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तिथे कत्तल झाली. तिच्यावर थॉमस कॅम्पबेल या स्कॉटिश कवीने 1809 साली ‘गर्ट्रूड ऑफ वायोमिंग’ नावाचं लांबलचक काव्य लिहिलं. कवीने अमेरिका कधी पाहिली नव्हती. काव्य मात्र इतकं गाजलं की गावं आणि तालुके भराभर वायोमिंग होऊ लागले. 1865 साली ओहायोचे प्रतिनिधी जेम्स अ‍ॅशली यांनी पश्चिमेकडच्या एका नव्या प्रदेशासाठी विधेयक आणलं आणि त्यात हे नाव घातलं. 1868 मध्ये सिनेटमध्ये पुन्हा चर्चा झाली. शायान, शोशोनी, अरापाहो, प्लॅट, स्वीटवॉटर, लिंकन अशी नावं पुढे आली. शायान हे त्या मुलखात खरोखर राहणाऱ्या लोकांचं नाव, ते जवळजवळ ठरलंही असतं. पण फ्रेंचमध्ये कुत्रीला जो शब्द आहे त्याच्याशी ते जुळतं, अशी कुजबूज झाली आणि मागे पडलं. उरलं वायोमिंग. नदीकाठच्या सपाटीचं नाव दोन-अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला, सरासरी दोन हजार मीटर उंचीच्या कोरड्या डोंगराळ मुलखाला लागलं. तिथे राहणाऱ्या एकाही जमातीच्या भाषेत या शब्दाला अर्थ नाही.

गावाची नावं अशी उडत येतात तेव्हा आपण हसतो, पण आपल्या औद्योगिक पट्ट्यात काय वेगळं झालंय? निगडीजवळ एका भागाचं नावच ‘प्राधिकरण’ आहे. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्या कचेरीचं नाव गावाला चिकटलं. कचेरी बरखास्त झाली, गाव प्राधिकरणच राहिलं. ‘आम्ही प्राधिकरणात राहतो’ यात कुणाला व्याकरणाचा घोटाळा दिसत नाही. तिथून जवळच ओटा स्कीम. सरकारने ओटा बांधून द्यायचा, भिंती आणि छप्पर ज्याचं त्याने घालायचं, अशी ती योजना. माणसांनी ओट्यावर मजले चढवले, दुकानं काढली, पोरांची लग्नं केली, रिक्षावाल्याला आजही सांगायचं, “ओटा स्कीम.” माझ्या मते हे या पट्ट्यातलं सगळ्यात प्रामाणिक स्थळनाम आहे. सुरुवातीला काय होतं ते जसंच्या तसं सांगतं.

तळवडे हे नाव त्या मानाने जुन्या वळणाचं. ‘वडे’ हा भाग वाडा, वाडी यांच्या कुळातला, संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यातून आलेला. ‘तळ’ म्हणजे सखल भाग धरा किंवा तळं धरा, इंद्रायणीच्या काठाला दोन्ही शोभतात. तळवडी पुष्कळ आहेत. सावंतवाडी तालुक्यात एक आहे, राजापूर तालुक्यात एक, नाशिककडे त्र्यंबकजवळ एक. ही नावं कुणी कवितेतून उचललेली नाहीत. सखल जागा दिसली, तिथे वाडी केली, नाव पडलं. त्यामुळे त्यात कुणाचा मान-अपमान नाही आणि कुणाला मिरवण्यासारखंही काही नाही.

या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या कामगाराशी बोला. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, पुढे चाकण. या जुन्या कामगारांच्या बोलण्यात एक वाक्य येतंच: “तेव्हा इथं काहीच नव्हतं. नुसता माळ.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते वाक्य न राहता ‘नमस्कार’सारखं झालंय. काहीच नव्हतं? मग मोरे वस्ती कुणाची? म्हेत्रे वस्ती, जाधववाडी, कुदळवाडी ही नावं कुणाची? माळ म्हणजे काही नसण्याचं नाव नव्हे. मळ्याला पाणी असतं, माळाला नसतं, एवढाच शेतकऱ्याच्या बोलीतला फरक. माळावर गुरं चरतात, मेंढरं बसतात, गवत विकलं जातं, बाजरी आणि हुलगा येतो. गायरान हा शब्दच गाईंसाठी राखलेलं रान असं सांगतो. पण बाहेरून कामाला आलेल्या माणसाच्या डोळ्याला तिथे कारखाना नव्हता, म्हणून ‘काहीच’ नव्हतं.

वायोमिंगची पहिली मोजणीही अशाच डोळ्यांनी झाली. 1870 च्या अमेरिकन जनगणनेत त्या सबंध प्रदेशात 9,118 माणसं नोंदली गेली. एवढ्या मोठ्या मुलखात नऊ हजार? अमेरिकेच्या घटनेतच तेव्हा लोकसंख्येतून ‘कर न देणारे इंडियन’ वगळावेत असं लिहिलेलं होतं. शोशोनी, अरापाहो, शायान, क्रो ही मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होती, बायसनच्या मागे हिंडत होती, हिवाळ्याला ठरलेल्या नदीकाठी तळ देत होती. कर देत नव्हती, म्हणून मोजली गेली नाहीत. पेशवाईतल्या कारकुनाला ज्या गावातून वसूल नाही ते बेचिराख. वॉशिंग्टनच्या कारकुनाला ज्या माणसाकडून कर नाही तो माणूस नाही. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं नव्हतं, वह्या मात्र सारख्याच लिहिल्या. रिकाम्या मुलखाची पहिली नोंद वसुलीच्या खतावणीत होते, अशी माझी खात्री होत चालली आहे. शोशोनींना 1868 च्या तहाने विंड रिव्हर नदीच्या खोऱ्यात राखीव जागा मिळाली, दहा वर्षांनी अरापाहोंनाही तिथेच आणून बसवलं. उरलेला मुलूख मग रीतसर रिकामा झाला.

रिकामा मुलूख वसवायचा तर आमिष दाखवावं लागतं. यासाठी मराठीत चांगला शब्द होता, आता कुणाच्या तोंडात नाही: इस्तावा. पडीक जमीन लावणीला आणणाऱ्याला कौल द्यायचा. पहिल्या वर्षी नावापुरता सारा, पुढे वर्षागणिक चढत जाऊन काही सालांनी पूर्ण धारा. पुणे परगण्याला याची गरज चांगलीच पडली होती. 1630 च्या सुमाराला आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं, गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकून तिला फाटकी वहाण टांगली, असं बखरी सांगतात. त्याच सुमाराला दोन-तीन वर्षं दुष्काळ. देहूला तुकोबांच्या घरातलं मरण त्याच दुष्काळातलं, आणि देहू तळवड्याला लागून. ‘गाढवाचा नांगर फिरवणं’ हा वाक्प्रचार आपण आता बोर्डाच्या निकालालाही लावतो, पण त्याचा नेमका अर्थ असा की या जागेवर वस्ती होऊ नये. पुढे जिजाबाईंच्या वेळी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून तो शाप उतरवला, दादोजी कोंडदेवांनी कौल देऊन रयत बोलावली, ही परंपरेतली गोष्ट मुलांनाही पाठ असते. पण सोन्याच्या फाळापेक्षा माणसं आली असतील ती साऱ्याच्या सवलतीने.

आलेल्या माणसांना बसवायला जमीन कुठली? ज्यांची कुळं बुडाली किंवा गेली ती परत आली नाहीत, त्यांच्या जमिनीला दप्तरात ‘गतकुळी’ म्हणत. चार अक्षरांत किती घरांचा निकाल लागलाय पाहा. गावात पिढीजात हक्क असणारा मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा उपरी. या ‘उपरी’चाच आजचा उपरा. तळवडे-चिखलीकडे आज ‘गाववाले’ आणि ‘बाहेरचे’ अशी जी विभागणी चालते, निवडणूक जवळ आली की जरा जोरात चालते, तिला चारशे वर्षांपूर्वीचं शब्दशः नाव आहे. गंमत अशी, की त्या वेळी उपऱ्याची वाट पाहिली जायची.

वायोमिंगनेही कौल दिला. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडच्या सरकारी जमिनीतली 160 एकर जवळजवळ कुणालाही, मुख्य अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहा आणि कसा. पण त्या थंड, कोरड्या जमिनीत 160 एकरांत एका घराचं भागत नव्हतं. पुरुष खाणीला आणि रेल्वेच्या कामाला यायचे. बायका येत नव्हत्या. सहा पुरुषांमागे एक बाई, असं त्या वेळचं प्रमाण सांगतात. 10 डिसेंबर 1869 ला वायोमिंगच्या गव्हर्नरने स्त्रियांना मताचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली. (गव्हर्नरचं नाव जॉन कॅम्पबेल. त्या कवीशी त्याचा संबंध नाही, आडनाव मात्र या राज्याच्या राशीला दोनदा आलं.) असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शासन. हेतू काय होता यावर तिथले लोक अजून वाद घालतात. कुणी समतेची खरी तळमळ होती म्हणतात, कुणी विरोधकांची फिरकी घ्यायला गेले आणि कायदा झाला म्हणतात. पण जाहिरात होऊन बायका येतील हा हिशेबही होताच, असं बहुतेक मान्य करतात. हेतूचं जाऊ द्या, काम पक्कं झालं. 1870 च्या फेब्रुवारीत एस्थर मॉरिस या बाई साउथ पास सिटी या खाणीच्या गावात न्यायाधीश झाल्या. सप्टेंबरात लॅरमी गावात लुइझा स्वेन या सत्तरीच्या आजीबाईंनी मत टाकलं. 1890 साली राज्याचा दर्जा मिळायची वेळ आली तेव्हा काँग्रेसमध्ये स्त्रियांच्या मताधिकारावरून कुरकुर झाली. वायोमिंगने हक्क सोडला नाही आणि त्या वर्षी 10 जुलैला ते 44 वं राज्य झालं. 1925 साली नेली टेलो रॉस तिथे गव्हर्नर झाल्या, अमेरिकेतल्या पहिल्या महिला गव्हर्नर. इस्ताव्यात साऱ्याची सूट असते ती पाच-सात वर्षांनी संपते. हा कौल मात्र चढत गेला नाही, कायमचा राहिला.

साउथ पास सिटीचं सोनं संपल्यावर ते गाव रिकामं झालं. आज ते संग्रहालयासारखं जपून ठेवलंय. इंग्रजीत त्याला भुतांचं गाव म्हणतात. आपण माणसं निघून गेलेल्या गावात भुतं बसवत नाही. विदर्भात अशा गावाला ‘रिठ’ किंवा रिठी गाव म्हणतात, आणि त्याचं नाव, शीव, गट नंबर सगळं तलाठ्याच्या दप्तरात शाबूत असतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली सुमारे 43 हजार 600 गावं मोजली, त्यांतल्या अडीच हजारांहून जास्त गावांत एकही माणूस नव्हता. नसला तरी गाव यादीत आहे. बहुतेकांना ठाऊक नसतं की आपण ज्या रस्त्याने जातो त्याच्या एका बाजूला असं कागदावरचं गाव असू शकतं.

आता ‘ओस’. जुनं मराठी रूप ‘वोस’. ओस पडणं, ओसाड, हे सगळं त्याच्यातलं. संस्कृतात ‘उद्वस’ म्हणजे जिथली वस्ती उठली ते. उद्वस, मग प्राकृतात उव्वस, मग वोस, ओस. या शब्दाच्या पोटात ‘वस्’ हा धातू आहे, राहणं या अर्थाचा. आणि वस्ती हा शब्द आला संस्कृत ‘वसति’वरून, म्हणजे त्याच धातूवरून. ओस आणि वस्ती सख्खी भावंडं निघाली. एकाच्या पुढे ‘उद्’ लागला आणि त्याचं नशीब फिरलं. (भरून ओसंडणाऱ्या पीएमपीच्या बसचा या ओसाशी काही संबंध नाही. दोन्ही शब्द कानाला सारखे वाटतात म्हणून सांगितलं.)

वस्ती हा शब्द स्वतःही काही कमी नाही. पुणे जिल्ह्यात वस्ती म्हणजे गावठाणापासून दूर, आपापल्या रानात बांधलेली चार-पाच घरं, बहुधा एकाच भावकीची. गावापेक्षा वाडी लहान, वाडीपेक्षा वस्ती लहान. मोरे वस्ती म्हणजे मोऱ्यांची चार घरं. आज चिखलीच्या मोरे वस्तीत चार घरं एका मजल्यावर मावतात आणि तसे पाच-सहा मजले. तरी ती वस्तीच. पेपरातली ‘दाट वस्ती’ हा मूळ अर्थाने पाहिला तर विरोधाभास आहे. दाट असेल तर वस्ती कसली, गाव म्हणा! त्याच शब्दाचा तिसरा अर्थ रात्रीचा मुक्काम. गावात रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे परत सुटणारी एसटी म्हणजे वस्तीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपतात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर आपल्या खोलीवर फक्त झोपायला जाणाऱ्या पोराला तळवड्यात ‘राहतो’ म्हणायचं की ‘वस्तीला येतो’? खोलीत सहा जण, कॉट तीन, शिफ्ट वेगवेगळ्या. एक उठला की दुसरा आडवा होतो. जनगणनेचा माणूस तिथे कोणत्या वेळी पोचतो यावर त्याचा आकडा ठरेल.

माणसांची गणती आपल्याकडे डोक्यांनी होत नसे. शंभर उंबऱ्यांचं गाव म्हणत. उंबरा हा शब्द उदुंबरावरून, चौकटीखाली उंबराचं लाकूड घालायचे म्हणून. वर्गणी काढायची ती घरटी. लग्नाचं आमंत्रण द्यायचं तर चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. दिवा, उंबरा, चूल ही आपली एककं. वायोमिंगला या हिशेबाची मजा येईल. तिथे महामार्गावर ब्युफर्ड नावाचं गाव होतं, पाटीवर लोकसंख्या 1. एक पेट्रोल पंप, एक दुकान, एक माणूस. 2012 साली त्या माणसाने लिलाव केला आणि व्हिएतनामच्या एका उद्योजकाने 9 लाख डॉलरला गाव विकत घेतलं, आपल्या कॉफीच्या जाहिरातीसाठी. एक उंबरा, एक चूल, गाव पुरं. चूलबंद आमंत्रण द्यायला एका कपात भागलं असतं.

वस्ती उठली तरी जमीन विसरत नाही, असं शेतकरी मानतो आणि पुरातत्त्ववाले त्याच्यावर विश्वास ठेवतात. गावाची राहती जागा ती ‘पांढरी’, कसायची जमीन ती ‘काळी’. चुलीतली राख, शेण, पडक्या भिंतींची माती शतकानुशतकं साठून गावठाणाची माती फिकट होते, म्हणून पांढरी. गाव उठून गेलं तरी रानात पांढरीचं टेकाड शिल्लक राहतं. शिरूर तालुक्यातलं इनामगाव असंच सापडलं. घोड नदीकाठच्या त्या पांढरीत डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलं आणि तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरांची जोती, धान्याची कोठारं, अंगणात पुरलेली माणसं. हे गाव इसवी सनापूर्वी 700 च्या आसपास ओस पडलं. खऱ्या अर्थाने बेचिराख, आणि राख मात्र भरपूर. अशी टेकाडं आता कमी होत चालली आहेत, कारण पांढरीची माती खत म्हणून चांगली. बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने, ती काळीत नेऊन टाकतात. म्हणजे जुनं गाव नव्या बाजरीत जातं.

तळवड्याच्या, चिखलीच्या गावठाणातही पांढरी आहे. जुनं घर पाडून सहा मजली इमारत उठवायची तर जेसीबी आधी तीच माती उकरतो. काळीत टाकायला काळी उरलेली नाही, तिच्यावर शेड आहेत. मग डंपर भरतात आणि रात्रीतून नदीकाठी कुठेतरी रिकामे होतात. महापालिकेच्या नोटिशीत त्या मातीला राडारोडा म्हणतात.